डावीकडचे फुगे

मास्तरांनी जन्मभर लोकांना मान खाली घालायला लावली. साहेब असो की हमाल, खुर्चीत बसला की मास्तर त्याच्या टाळूवर दोन बोटं ठेवायचे, जराशी दाबायचे, आणि तो मुकाट्यानं हनुवटी छातीला टेकवायचा. या गोष्टीची मास्तरांना मनातून फार गंमत वाटे. "माझ्यासमोर सगळे झुकतात," असं ते बायकोला सांगत, आणि बायको म्हणे, "मी नाही झुकत, मला कुठं केस कापायचेत?" स्वतःची मान खाली घालायची सवय मात्र मास्तरांना नव्हती. ती लागली साठी ओलांडल्यावर, आणि तीही फुगे फोडण्याच्या एका खेळापायी.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, मागे घर. एक जाडजूड खुर्ची, समोर मोठा आरसा, भिंतीला वस्तरा परजायचा कातड्याचा पट्टा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून, एका तरुणानं काचेच्या दाराचं सलून काढलं होतं. तिथे दिवसाही दिवे जळत, गाणी वाजत आणि प्रत्येक डोक्याला शेवटी जेल चोपडलं जाई. म्हणून मास्तर त्याला जेलवाला म्हणत. "तो केस कापत नाही, केसांची समजूत काढतो," असं एकदा ते म्हणाले, आणि बाकावरची माणसं खो खो हसली. जेलवाल्याच्या कानावर ते गेलं असणारच. पण तो रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा, आणि मास्तर दुसरीकडेच बघायचे. एका खुर्चीचं दुकान असलं तरी ताठा दहा खुर्च्यांचा होता.

एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता मास्तरांच्या डाव्या हातातली वाटी निसटली. ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. गालावर फेस तसाच घेऊन ते गिऱ्हाईक त्यांना दवाखान्यात घेऊन गेलं. मेंदूकडचा रक्तपुरवठा अडला होता. डावं अंग गेलं. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. शुद्धीवर येताच त्यांनी नर्सला वॉर्डबॉयची दाढी कशी खडबडीत राहिलीय ते सांगितलं, तेव्हा बायकोचा जीव भांड्यात पडला.

पुढे पाय परत आला. मग दंड, कोपर, आणि कुरकुर करत बोटंही आली. कंगवा धरण्याइतका हात झाला तेव्हा मास्तरांनी मनात ठरवूनच टाकलं की आजार संपला. पण ज्या केंद्रात व्यायामाला जायचे तिथली थेरपिस्ट मुलगी त्यांना सोडायला तयार नव्हती. मुलगी तशी गोड होती, त्यांच्या धाकट्या भाचीच्या वयाची, पण भलती चिवट.

"काका, आता आपण गेम खेळायचाय."

"काय खेळायचाय?"

तिनं एक काळा ठोकळा त्यांच्या डोळ्यांवर बांधला. त्याला ती चष्मा म्हणायची, पण तो चष्मा कसला, डोळ्यांवर डबाच उपडा घातल्यासारखं होतं. दोन्ही हातांत धरायला प्लास्टिकची एकेक मूठ दिली. आणि एकदम मास्तर एका बागेत उभे होते. हिरवळ, वर आभाळ, आणि सगळीकडून तरंगत येणारे रंगीत फुगे. मूठ लावली की फुगा फट्ट करून फुटायचा. सगळे फुटले की बागेत घंटानाद व्हायचा आणि खेळ संपायचा.

पहिल्यांदा त्यांना मौज वाटली, नाही असं नाही. मग बाहेरच्या बाकावर आपल्या नंबरची वाट बघणारी माणसं आठवली. अर्ध्या पांढऱ्या मिश्यांचा एक गृहस्थ डोळ्यांवर डबा बांधून हवेत हातवारे करतोय. बघणाऱ्याला वाटावं, डास मारतोय. लोकांची डोकी ज्यानं कलाकुसरीनं घडवली त्यानं शेवटी फुगे फोडायचे! आणि त्यात हे मशीन लबाड निघालं. समोरचे सगळे फुगे फोडून मास्तर उभे राहायचे, पण खेळ काही संपायचा नाही.

"झाले सगळे. बंद कर आता."

"नाही झाले काका. मान वळवा. डावीकडून टुणटुण ऐकू येतंय ना? त्या बाजूला बघा."

"टुणटुण येतंय, पण तिथे काही नाही. बाग रिकामी आहे."

रोज हेच. टुणटुण वाजायचं, मास्तर जरासं हलल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, रिकामी आहे. शेवटी ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि समजावून सांगू लागली. डोळे चांगले आहेत. हातही आता बरा आहे. पण डावीकडे काही असतं, हेच मेंदूचा एक भाग विसरून गेलाय. त्या बाजूला लक्ष आपण होऊन जातच नाही, आणि जात नाही हेही कळत नाही. ते या खेळातून परत शिकवायचं.

"विसरलोय?" मास्तर भडकले. "हा माझा डावा हात. ती डावी भिंत. ते तुझं डावीकडचं दार. आणखी काय काय सांगू?"

"विचारलं की सांगता येतं काका. न विचारता दिसत नाही."

"मशीन बिघडलंय तुझं. ते दुरुस्त कर, मग मला शिकव. आणि दुकान कधी उघडू ते सांग."

"इतक्यात नको. कात्री, वस्तरा, काहीच नको. मी सांगेन."

काल जन्मलेली पोर, आणि मास्तरांना सांगणार की कात्री कधी धरायची! ते त्या दिवशी चपला शोधत बाहेर पडले. चपला शोधायला बराच वेळ लागला, आणि त्याबद्दलही त्यांनी केंद्राच्या शिपायालाच झापलं.

घरीही त्यांचं डोकं फिरलेलंच असायचं. बायको हल्ली जेवायला कमी वाढते, असा त्यांचा समज झाला होता. ताट बघता बघता संपायचं. "उपाशी मारायचा विचार आहे का?" असं ते विचारायचे. मग ती ताट ओढून घ्यायची आणि परत पुढ्यात ठेवायची, की त्यात पुन्हा भात, भाजी, सगळं असायचं. "मघाशीच वाढायला काय झालं होतं?" ती म्हणायची, "विसरले." आणखी एक खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. एके दिवशी म्हणाली, मला दाढी करायला शिकवा. मास्तरांना हसू आवरेना. म्हणाले, म्हातारपणी वारस मिळाला. पण त्यांनी शिकवलं. स्वतःची हनुवटी पुढे करून, साबण कसा चढवायचा, हात कुठे हलका ठेवायचा, सगळं. रोज सकाळी ती त्यांची दाढी करायची आणि ते डोळे मिटून चुका काढायचे. आजारपणातला तेवढाच एक सुखाचा वेळ होता.

त्यानंतरच्या आठवड्यात ड्रायव्हर आला.

ड्रायव्हर म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त. आयुष्यभर बस चालवली, आणि आयुष्यभर या एकाच खुर्चीत केस कापले. दाट, रुपेरी, जरा कुरळे केस. मास्तर त्यांना दुकानाची जाहिरात म्हणायचे. मास्तर पडल्यापासून त्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. "तू उठल्याशिवाय नाही," असं दवाखान्यातच सांगून गेला होता. आता केस दोन्ही कानांवरून खाली उतरून कॉलरला टेकले होते आणि युनिफॉर्मची टोपी त्यांच्यावर कशीबशी तग धरून होती.

"आज शेवटची ड्युटी," तो म्हणाला. "संध्याकाळी डेपोत निरोप आहे. वहिनींना घेऊन ये. तेवढंच सांगायला आलो."

"आणि हे असं झिपरं डोकं घेऊन जाणारेस?"

"असू दे. टोपी आहे."

बायको औषधं आणायला गेली होती. किल्ली खुंटीवर होती. मास्तरांच्या बोटांना कधीपासून शिवशिव सुटली होती. नको म्हणणाऱ्या दोस्ताला त्यांनी दंडाला धरून दुकानात आणलं. शटर वर केलं, खुर्ची पुसली, कापड झटकलं आणि त्याच्या गळ्याशी बांधलं. कात्री उजव्या हातात बसली ती जशी कधी उतरलीच नव्हती. डाव्या हातातला कंगवा थोडा थरथरला, मग सरळ चालू लागला. कानामागून वर, वरून टाळूपर्यंत, मागून मानेपर्यंत. केस पडत होते आणि मास्तर बोलत होते. त्या पोरीबद्दल, तिच्या फुग्यांबद्दल, बिघडलेल्या मशीनबद्दल. "म्हणे डावी बाजू विसरलोय! आता येऊन बघ म्हणावं." मग हातातल्या ब्रशनं मान झटकली, छोटा आरसा ड्रायव्हरच्या डोक्यामागे धरला आणि छाती काढून म्हणाले,

"झालं. बघ आता."

ड्रायव्हर बराच वेळ आरशात बघत राहिला. मास्तरांना वाटलं, गडी खूश झाला, शब्द सापडत नाहीयेत. मग ड्रायव्हरनं आरशातूनच मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"झकास," तो म्हणाला. "अगदी पहिल्यासारखं." आणि लगेच टोपी चढवून, दोन्ही हातांनी खाली ओढून निघाला.

संध्याकाळी मास्तरांना डेपोपर्यंत जायचं बळ राहिलं नाही. इतक्या महिन्यांनी उभ्यानं काम केलं होतं, ते लवकर झोपले. फार दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली. दुकान उघडल्याचं त्यांनी बायकोला सांगितलं नाही. ते त्यांनी आधी त्या पोरीला ऐकवायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात ते मिशीला ताव देतच शिरले. चष्मा बांधण्याआधीच म्हणाले, "काल मी एक डोकं केलं. एकदम फस्ट क्लास. गिऱ्हाईक खूश. आता बोल."

मुलीनं चष्मा हातात घेतला. म्हणाली, "आधी एक राउंड खेळून घेऊ?"

मास्तर उत्साहात खेळले. फटाफट फुगे फोडले आणि हात खाली सोडून म्हणाले, "झाले सगळे. बंद कर आता."

तिनं चष्मा काढला. त्यांना खुर्चीत बसवलं, आणि सगळा पडदा नजरेत यावा म्हणून भिंतीजवळचा टीव्ही ओढत त्यांच्या पार उजव्या हाताला नेऊन ठेवला. "तुम्ही आत्ता जे खेळलात ते यात साठलंय. तुमच्याभोवती जेवढी बाग होती तेवढी सगळी. हे मी आधीच दाखवणार होते, पण काही जण हे बघितल्यावर पुन्हा येत नाहीत. तुम्ही कात्री धरलीत म्हणून आज दाखवतेय."

पडद्यावर बाग आली. दोन पांढरे हात दिसत होते, ते मास्तरांचे. उजवीकडचे फुगे एकेक करून फुटत होते. आणि डावीकडे? डावीकडे लाल, पिवळे, निळे फुगे येत होते, थांबत होते, एकमेकांना चिकटत होते. त्यांचा ढीग झाला. त्यातला एक तर त्या पांढऱ्या हाताला घासून गेला. हात हलला नाही. टुणटुण, टुणटुण चालूच होतं. मग मास्तरांचाच आवाज आला, स्पष्ट, ऐटीत: "झाले सगळे. बंद कर आता."

मास्तरांनी तो आवाज ऐकला. असाच आवाज. काल असाच आवाज लावला होता.

"पोरी, हे फुगे तेव्हाच होते?"

"हो काका."

"तू मागाहून नाही ना घातलेस?"

"नाही."

त्यांनी परत लाव म्हणून खूण केली. तिनं परत लावलं. त्याच फुग्यांच्या ढिगाकडे पाठ केल्यासारखा त्यांचा आवाज पुन्हा म्हणाला, झाले सगळे. मास्तर उजवीकडे टीव्हीत बघत होते, पण त्यांना दिसत होतं ते दोस्ताचं डोकं. कान, कानामागची जागा, मान, टाळू. उजव्या कानाची कड त्यांना लख्ख आठवली. डाव्या कानाची आठवेना. तिथे आपण गेलोच नव्हतो. आरसा धरून छाती काढून उभे होतो.

"डोक्याचंही असंच झालं असेल?" त्यांनी विचारलं.

तिनं टीव्ही बंद केला आणि परत भिंतीशी ढकलला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. तिला मशीन बिघडलंय म्हणालो, सगळ्यांदेखत आवाज चढवला. आता त्यातला एकेक शब्द परत गिळावासा वाटत होता. ते उठले, तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या येतो. येतो नक्की," आणि तिनं चपला उचलून त्यांच्यासमोर ठेवल्या तेव्हा त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायको ताट वाढून बसली होती. ते जेवले. जेवण संपलं तेव्हा त्यांनी उपाशी मारतेस वगैरे काही म्हटलं नाही. सावकाश हात लावून ताट स्वतःच अर्धं फिरवलं. भात, भाजी, सगळं तिथेच होतं.

"कधीपासून फिरवतेस?"

"घरी आलात त्या दिवसापासून."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला वेड्यात काढतेस."

मास्तरांना ते आठवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, जी न विचारलेली बरी, हे त्यांना विचारतानाच कळत होतं. "आणि दाढीचं काय?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "पहिल्या दिवशी तुम्ही तुमचीच केलीत. एकाच गालाची. दुसरीकडे साबणही लागला नव्हता. मग आरशात बघून म्हणालात, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय. मी काय बोलणार? लोकांनी बघितलं असतं तर..." तिनं ताट उचललं. "म्हणून म्हटलं, मला शिकवा."

मास्तरांनी तिला किती बोल लावले होते ते त्यांना सगळं आठवलं. रोज डोळे मिटून तिच्या चुका काढल्या होत्या. लाज वाटते तेव्हा माणूस कुठेतरी तोंड लपवतो. पण जिच्यापुढे तोंड लपवायचं तिनंच ते रोज सकाळी धुऊनपुसून नीट केलेलं, तर लपवायचं कुठे? मग त्यांनी कालचं सगळं तिला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, आणि ते भाऊजी तसेच निरोपाला गेले?"

ते ऐकून मास्तर उठले आणि ड्रायव्हरच्या घराकडे निघाले. जाताना त्यांनी कात्री खिशात घातली. का घातली ते त्यांना सांगता आलं नसतं.

ड्रायव्हरच्या बायकोनं दार उघडलं. एरवी हसून बोलणारी बाई, आज म्हणाली, "या. बसलेत आत. टोपी घालून."

ड्रायव्हर खरोखरच खुर्चीत टोपी घालून बसला होता. नोकरी कालच संपली होती आणि अंगात घरातला सदरा होता, पण डोक्यावर युनिफॉर्मची टोपी.

"टोपी काढ," मास्तर म्हणाले.

"थंडी आहे रे."

"पंखा लावून बसलायस."

ड्रायव्हरनं वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. त्यानं टोपी काढली. मास्तर सवयीनं त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, आणि पहिल्या नजरेला त्यांना डोकं सुरेखच दिसलं. मग त्यांनी, त्या पोरीनं शंभरदा सांगितलं तशी, सगळी मान वळवली, आणि आणखी वळवली. टाळूच्या मधोमध बांध घातल्यासारखी रेघ होती. तिच्या अलीकडे एकेक केस जागच्या जागी. पलीकडे कानावरून लोंबणारं रान. उजवी बाजू चांगली कापली होती म्हणूनच डावीकडे बघवत नव्हतं. कामात कसर म्हणून एखादं गिऱ्हाईक नाराज होऊन उठावं, असं या दुकानात कधी घडलं नव्हतं. आणि हे तर नाराजही झालं नव्हतं, झकास म्हणून गेलं होतं.

"काल बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू आरसा धरून उभा होतास. इतक्या महिन्यांनी तुझं तोंड तसं बघितलं."

"आणि निरोपाला?"

"गेलो की, केस टोपीत कोंबून. साहेब म्हणाले, फोटोला टोपी काढा. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, टोपीतच निरोप द्या. त्यांचे डोळे भरून आले." ड्रायव्हर हसला. मास्तर हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला.

"बाहेर पडल्या पडल्या जेलवाल्याकडे जायचंस. त्यानं सारखं करून दिलं असतं."

"त्यानं पहिलं विचारलं असतं, कुणी कापले. आणि मी कुणाकडे जातो हे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. तुझ्या खुर्चीत पुन्हा कुणी बसलं असतं का? मरू दे. वाढतील. उजवीकडचे वाढले की डावीकडच्यांना गाठतील." मग मागे वळून बघताना त्याला मास्तरांच्या खिशातून डोकावणारी कात्रीची मूठ दिसली. "नाहीतर आणलीच आहेस तर कर पुरं. कुठे राहिलंय ते मी सांगतो. कुणाला कळायचं कारण नाही."

मास्तरांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. दार लावून घेतलं, दोस्तानं अजून डावीकडे, अजून डावीकडे असं सांगत गेलं, तर काम कसंबसं होईल. उद्या रस्त्यात सगळं पूर्वीसारखं. दुकानाची अब्रू शाबूत. आणि परवा दुसरा कुणी खुर्चीत बसेल, त्याला झकास म्हणायचं कारण नसेल, पण ते कळेपर्यंत मास्तर त्याच्या डाव्या कानाशी वस्तरा घेऊन उभे असतील. त्यांनी हात बाहेर काढला. कात्री ड्रायव्हरच्या बायकोच्या हातात दिली.

"ही राहू द्या तुमच्याकडे. चल रे."

"कुठे?"

"जेलवाल्याकडे."

"वेड लागलंय का तुला? संध्याकाळची वेळ आहे, गर्दी असेल."

"असू दे."

दोघं रस्त्याला लागले. ड्रायव्हर टोपी घट्ट धरून चालत होता. मास्तरांच्या बंद शटरवरून पुढे गेले तेव्हा त्यानं एकदा थांबून पाहिलं, पण मास्तर थांबले नाहीत. काचेच्या दाराशी मात्र ते थबकले. या दारावरून ते कितीदा नाक वर करून गेले होते, आणि आत काय आहे ते त्यांनी कधी नीट बघितलंही नव्हतं. आत दिवे, गाणं, आणि बाकावर ओळखीची पाचसहा तोंडं. त्यातली निम्मी मास्तरांची जुनी गिऱ्हाइकं. मास्तरांना पाहून ती चपापली, चोरी पकडल्यासारखी. बिचाऱ्यांना काय माहीत चोर कोण ते.

"या, या मास्तर!" जेलवाला कात्री ठेवून पुढे आला. "तब्येत कशी? आज इकडे कसे?"

"याचं डोकं करायचंय," मास्तर म्हणाले. "लगेच. यांना जरा थांबायला सांग."

ड्रायव्हर खुर्चीत बसला. टोपी सोडेना. मास्तरांनी ती स्वतः काढली. बाकावर कुणीतरी फुस्सकन हसलं. जेलवाला दोन पावलं मागे सरकला, आरशात बघितलं, परत डोक्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे कुणी केलं?"

"मीच," ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला. "घरी, आरशात बघून. म्हटलं जमेल..."

"मी केलं," मास्तर म्हणाले.

हसणारा पुन्हा हसला. त्याला वाटलं, मास्तरांची नेहमीची थट्टा चाललीय, जेलवाल्याचं काहीतरी काढणार. सगळेच पुढच्या वाक्याची वाट बघू लागले. मास्तरांना नुसतं आजाराचं नाव पुढे करून थांबता आलं असतं. मेंदू, रक्तपुरवठा, डावी बाजू. लोकांनी चुकचुकून सोडून दिलं असतं. पण आजार दुकान उघडायला आला नव्हता. नको म्हणणाऱ्याला दंडाला धरून आजारानं आणलं नव्हतं.

"आजारात मला डावीकडचं दिसेनासं झालंय. कात्री धरू नका म्हणून सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "मी ऐकलं नाही. सांगणारीलाच खोटं पाडलं. यानं नको म्हटलं तरी ओढून बसवला."

गाणं वाजतच होतं. जेलवाला ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या रेघेकडे बघत होता, आणि त्या धंद्यातल्या कुणालाही जे विचारावंसं वाटलं असतं तेच त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"पण मास्तर, असं अर्ध्यावर का सोडलंत?"

"मला वाटलं, झालं."

आता हसणारा माणूस हसत नव्हता. तो खाली आपल्या पायांकडे बघत होता, आणि त्याच्या हसण्यापेक्षा मास्तरांना तेच जास्त लागलं. जेलवाल्यानं जाऊन गाणं बंद केलं, ड्रायव्हरच्या गळ्याशी कापड बांधलं आणि कात्री उचलली. मास्तरांना बाहेर जाऊन उभं राहता आलं असतं. ते गेले नाहीत. खुर्चीच्या बाजूला उभे राहून, मान पुरती डावीकडे वळवून, आपलं राहिलेलं काम दुसऱ्याच्या हातून पुरं होताना ते शेवटच्या केसापर्यंत बघत राहिले.